दुसऱ्याची गाडी, आपला उद्योग

मुलगा वीस-बावीस वर्षांचा झाला, बारावी किंवा आय.टी.आय. आटोपली, गिरणीतील अथवा कापड-मार्केटातील नोकरीत त्याचे मन रमत नाही, आणि भांडवल म्हणावे असे हाताशी दहा-पंधरा हजारांपलीकडे काही नाही. अशा मुलाने कोणता धंदा करावा? हा प्रश्न आमच्या वाचक-कुटुंबांकडून निरनिराळ्या शब्दांत वरचेवर विचारला जातो. सर्वांना लागू पडेल असे उत्तर याला नाही. परंतु एका धंद्याचा विचार शेवटपर्यंत मांडून पाहिला, तर इतर धंद्यांकडे कसे पाहावे हेही समजते. म्हणून या महिन्यात आम्ही एक लहानसा, अलीकडे शहरोशहरी दिसू लागलेला उद्योग निवडला आहे. गिऱ्हाइकाच्या दाराशी जाऊन त्याची मोटार आतून-बाहेरून स्वच्छ करून देणे, हा तो उद्योग. बाजारात त्याला ‘डिटेलिंग’ असे नाव पडले आहे. आपण त्याला मोटारीची निगा म्हणू.

उदाहरणासाठी आम्ही सुरतेतील नवागाम घेतो. डिंडोलीला लागून असलेली ही वस्ती आमच्या वाचकांना अपरिचित नाही. उधना जंक्शनपासून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असे करीत जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाने गेल्या दोन-तीन पिढ्यांत जी खानदेशी कुटुंबे सुरतेस आली, त्यांतील कितीतरी नवागाम, डिंडोली, लिंबायत आणि उधना याच भागांत स्थिरावली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार भाषा येथील मुलाच्या जिभेवर सहज खेळतात. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते. वडील पॉवरलूमवर, काका डाइंग मिलमध्ये, मामा रिंगरोडच्या मार्केटात ही या कुटुंबांची सर्वसाधारण घडण आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर उभी राहिलेली ही घरे आहेत. त्या पाळीतून पुढच्या पिढीने बाहेर पडावे की नाही, आणि पडावे तर कोणत्या दाराने, हा या घरांपुढील खरा प्रश्न आहे.

नवागामच्या अरुंद गल्ल्यांत मोटारी थोड्या, दुचाक्या फार. मोटारींची दाटी आहे ती वेसू, अलथाण, पिपलोद, अडाजण, पाल या भागांतील उंच इमारतींच्या तळघरांत. सुरतेतील संपत्तीचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून एकच गोष्ट सांगतो. एका हिरे-व्यापाऱ्याने २०१६ च्या दिवाळीत आपल्या कामगारांना १,२६० मोटारी आणि २०१८ मध्ये सुमारे ६०० मोटारी बक्षीस दिल्याचे वृत्त देशभर गाजले होते. त्या मोटारींच्या तुलनेने नवागामच्या मुलाची सकाळ स्वस्त आहे, हे कटू असले तरी खरे आहे. हे अंतर ओलांडण्याचा एक मार्ग म्हणून या धंद्याकडे आम्ही पाहतो.

या शहराला स्वच्छतेचे मोल वेगळे सांगावयास नको. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होत होती आणि उधन्याच्या फलाटावर गावी परतणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यानंतर १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची झाडलोट शिस्तीला लागली. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात, ज्याचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला, सुरतेने इंदूरच्या जोडीने देशात पहिला क्रमांक मिळविला. घाण साचू द्यावयाची नाही आणि रोजचे काम रोज करावयाचे, हाच नियम मोटारीलाही लागू पडतो.

आता धंद्याच्या मुळाशी जाऊ. पहाटे पाच वाजल्यापासून इमारतींच्या तळघरांत गाड्या पुसणारी माणसे आपण पाहतो. एक बादली, एक फडके, आणि त्याच पाण्यात दहा गाड्या. महिन्याचा ठरीव मोबदला घेऊन ही माणसे प्रामाणिकपणे राबतात. परंतु त्या फडक्याने गाडी स्वच्छ दिसते तशीच खराबही होते, हे मालकाला कळत नाही आणि पुसणाऱ्यालाही कळत नाही. कारखान्यातून आलेल्या मोटारीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात. त्यांतील सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात, तो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर गाडीची सारी चमक केसाहून बारीक अशा एका पापुद्र्यात साठविलेली असते. रस्त्यावरील धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या पापुद्र्याहून कठीण असतात. कोरड्या किंवा मळक्या फडक्याने ती धूळ रगडली की बारीक चरे पडतात. नवी काळी मोटार वर्षभरात उन्हात धरली असता कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसू लागते, ती यामुळे.

डिटेलिंग करणारा आणि गाडी पुसणारा यांच्यातील फरक महागड्या यंत्राचा आहे असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते तो फरक या पापुद्र्याच्या ज्ञानाचा आहे. धूळ रगडून काढावयाची नाही, ती पाण्याने सैल करून उचलावयाची, एवढे ज्याला हाताने कळले त्याने धंद्याचा अर्धा पाया घातला. हे ज्ञान विकत घ्यावे लागत नाही, सरावाने येते. थोड्या भांडवलाच्या माणसाला हा धंदा साधण्याजोगा आहे तो याच कारणाने.

कामाची रीत थोडक्यात अशी. गाडी सावलीत आणि थंड असावी. तापलेल्या बॉनेटवर साबणाचे पाणी वाळले तर डाग उठतात. चाके सर्वांत मळकी, म्हणून ती प्रथम आणि वेगळ्या ब्रश-फडक्याने धुवावीत. त्यानंतर साध्या पाण्याने वरची धूळ उतरवावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा शाम्पूत बुडवून गाडीचा एक भाग धुवावा, मोजा दुसऱ्या बादलीत खळबळून माती सोडवावी, आणि मगच तो पुन्हा शाम्पूत न्यावा. बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर माती खाली बसते. काम छतापासून खाली करावे, कारण चिखल खालीच अधिक असतो. भांड्याच्या साबणाने गाडी धुवू नये. त्याने रंगावर बसविलेले मेण निघून जाते. बोअरचे पाणी जड असेल तर ते अंगावर वाळू न देता लगेच टिपून घ्यावे, नाहीतर पांढरे ठिपके राहतात.

आतील कामाचाही क्रम असतो. आधी सामान काढून पिशवीत ठेवणे, मग पायपुसणी बाहेर काढणे, व्हॅक्युमने कोरडी धूळ ओढणे, ब्रशाने फटी मोकळ्या करणे, ओलसर फडक्याने डॅशबोर्ड पुसणे, आणि काचा सर्वांत शेवटी. बटणांवर थेट फवारा मारू नये. सीटच्या खाली विजेच्या तारा आणि एअरबॅगच्या जोडण्या असतात, तेथे पाणी जाऊ देऊ नये. सीट भिजवून ठेवणे ही तर मोठीच चूक. २००६ च्या ऑगस्टात तापीचा पूर शहरात शिरला, तेव्हा बुडालेल्या मोटारींच्या सीटमधील ओल आणि कुबट वास किती चिवट असतो हे सुरतकरांनी अनुभविले आहे. स्टिअरिंगवर आणि पायाखालच्या पेडलवर चकाकी आणणारा पदार्थ कधीही लावू नये. हात किंवा पाय घसरला तर चकाकीची किंमत जिवाने मोजावी लागेल.

या धंद्याचे मुख्य हत्यार म्हणजे फडके, आणि येथे सुरतेच्या माणसाला एक उपजत सोय आहे. मायक्रोफायबर म्हणून जे कापड विकले जाते ते पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या एक डेनिअरहून बारीक तंतूंचे असते. डेनिअर म्हणजे काय, हे पुण्याच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. नवागामच्या घरात ते आठवीतल्या मुलीलाही ठाऊक असते. या बारीक तंतूंच्या फटींत धूळ आणि पाणी धरून ठेवले जाते, म्हणून चरे कमी पडतात. मात्र नियम पाळावे लागतात. चाकांचे फडके निराळ्या रंगाचे, काचेचे निराळे, रंगाचे निराळे. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा रंगाला लावावयाचे नाही. धुताना ते सुती कपड्यांत मिसळावयाचे नाही, कारण सुताची लव त्यात अडकते. कपडे मऊ करणारे द्रावण वापरावयाचे नाही, कारण त्याने तंतूंची शोषण्याची शक्ती जाते.

आता पैशाचा हिशेब. मुलाकडे स्वतःची दुचाकी आणि मोबाइल फोन आहे असे आम्ही धरतो. भाव दुकानागणिक कमी-अधिक असतात, म्हणून पुढील आकडे अंदाजाचे समजावेत. झाकणाच्या दोन बादल्या जाळीसह ८०० रुपये. वीस फडकी, प्रत्येकी ८० प्रमाणे १,६००. धुण्याचे दोन हातमोजे ५००. शाम्पू, काचेचे आणि आतील सफाईचे द्रावण व टायरची काळी मिळून २,२००. हातपंपाचे दोन फवारे ९००. निरनिराळे ब्रश ५००. एकसारखे दोन शर्ट, ओळखपत्र व पावतीपुस्तक १,५००. पहिल्या महिन्याच्या पेट्रोलसाठी १,५००. एकूण ९,५०० रुपये. यात यंत्र एकही नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

पुष्कळ तरुण याच्या उलट वाट धरतात. चित्रफिती पाहून आधी प्रेशर वॉशर, मग पॉलिशचे यंत्र, मग परदेशी मेणाच्या डब्या घेतात, आणि हप्ते सुरू होतात तेव्हा गिऱ्हाइके तीन असतात. आमचा आग्रह असा की यंत्र हे आलेल्या पैशातून घ्यावे. ओले-कोरडे दोन्ही ओढणारा व्हॅक्युम क्लीनर पाच-सहा हजारांत मिळतो. तो पहिल्या दोन महिन्यांच्या कमाईतून घ्यावा. तोवर आतील सफाईची मोठी कामे घेऊ नयेत. प्रेशर वॉशर सात-आठ हजारांचा, तो त्यानंतर. तोही गिऱ्हाइकाकडे वीज आणि पाणी दोन्ही मिळत असेल तरच उपयोगाचा. पॉलिशचे यंत्र सर्वांत शेवटी, कारण पॉलिश म्हणजे त्या केसाहून बारीक पापुद्र्याचाच काही भाग घासून काढणे होय. चरा नाहीसा होतो तो भरून येत नाही, त्याच्या भोवतालची पातळी खाली आणली जाते. नवशिक्याने दुसऱ्याच्या गाडीवर हे शिकू नये. एखाद्या गॅरेजमधून टाकाऊ बॉनेट आणावे आणि त्यावर महिना-दोन महिने हात बसवावा. कोणी ‘रबिंग करून दे’ म्हणाला तर ‘ते काम मी अजून घेत नाही’ असे सांगण्यात कमीपणा नाही.

उत्पन्नाचा हिशेबही भावनेवर सोडू नये. समजा, आठवड्यातून एकदा धुण्याच्या बारा गाड्या मिळाल्या आणि दर खेपेचे २५० रुपये ठरले. महिन्याच्या ४८ खेपांचे १२,००० रुपये होतात. त्यातून साहित्य दर खेपेस २५ प्रमाणे १,२००, पेट्रोल १,८००, फोन व किरकोळ ६००, झीज आणि नव्या साहित्यासाठी बाजूला १,०००, आणि फडकी धुण्याची मजुरी १,००० वजा करा. हाती ६,४०० रुपये राहतात. एवढ्यावर कारखान्याची नोकरी सोडता येणार नाही. हेच ३० गाड्यांचे पाहू. १२० खेपांचे ३०,०००. साहित्य ३,०००, पेट्रोल २,५००, किरकोळ ६००, झीज २,०००, फडक्यांची मजुरी २,०००. खर्च १०,१०० आणि शिल्लक १९,९००. २६ दिवसांत १२० खेपा म्हणजे रोज चार-पाच गाड्या. एकट्या माणसाला हे काम जमण्यासारखे आहे. तेव्हा धंद्याची कसोटी यंत्रांच्या संख्येत नसून बारा गाड्यांवरून तीस गाड्यांवर जाण्यात आहे. तोवर पाळी सांभाळून, सकाळी किंवा सुटीच्या दिवशी काम करावे. तीस गाड्या एकाच दोन-तीन इमारतींत मिळविण्याचा प्रयत्न करावा. एक गाडी पालमध्ये आणि दुसरी वेसूमध्ये असली तर नफा पेट्रोलच्या टाकीत जातो.

वरील हिशेबात फडकी धुण्याची मजुरी आम्ही मुद्दाम धरली आहे. रोज वीस-पंचवीस मळकी फडकी घरी येतात. ती धुण्याचे, वाळविण्याचे, रंगवार घड्या घालण्याचे काम बहुधा आईच्या किंवा बहिणीच्या वाट्याला जाते आणि कोणत्याही वहीत त्याची नोंद होत नाही. असा धंदा फायद्यात चालल्यासारखा दिसतो, पण त्या फायद्याचा एक भाग माउलीच्या पाठीतून आलेला असतो. ज्याचे काम त्याचा मोबदला, मग ते काम घरात झाले तरी. मुलाने पहिल्या महिन्यापासून हा पैसा वेगळा काढून आईच्या हाती द्यावा. याने घरही धंद्याकडे आदराने पाहू लागते.

भांडवलासाठी कर्ज काढावे काय? पहिल्या साडेनऊ हजारांसाठी काढू नये, असे आम्हांस स्पष्ट वाटते. आईचे मणी-मंगळसूत्र गहाण टाकू नये आणि महिन्याच्या व्याजाने पैसे देणाऱ्या सावकाराच्या दारी तर जाऊच नये. गिऱ्हाइके जमल्यावर यंत्रासाठी गरज भासली तर बँकेचा मार्ग आहे. एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून देण्याची तरतूद आहे. जुलै २०२० पासून लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी होते. ती आधार क्रमांकावर आणि विनामूल्य होते. ती करून देण्यासाठी कोणी हजार-पाचशे मागत असेल तर नमस्कार करून पुढे जावे. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जी.एस.टी.ची नोंदणी सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही, त्यामुळे त्या भीतीनेही कोणी अडू नये. मात्र धंद्याचे बँकखाते वेगळे ठेवावे आणि रोजची जमाखर्चाची वही लिहावी. बँक कर्ज देताना यंत्राहून त्या वहीकडे अधिक पाहते.

पाण्याचा प्रश्न आपण हलका समजू नये. नळी दहा मिनिटे उघडी राहिली आणि मिनिटाला १२ लिटर पाणी धरले, तर एका गाडीला १२० लिटर लागतात. दोन बादल्या आणि एक फवारा यांत तेच काम ३०-३५ लिटरांत होते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत टंचाई झाली, तेव्हा पिण्याचे पाणी गाडी धुण्यास वापरणाऱ्याला ५,००० रुपये दंड लावण्यात आला होता. सुरतेला तापी आणि उकाईचा आधार असला तरी इमारतीचे सेक्रेटरी पाण्याच्या टँकरचे बिल पाहूनच परवानगी देतात. ‘मी तुमच्या गाडीला दोन बादल्यांहून अधिक पाणी घेणार नाही’ हे वाक्य गुजरातीत नीट म्हणता आले, तर अनेक दारे उघडतात. धुऊन नंतर खळबळण्याची गरज न पडणारे शाम्पूही आता मिळतात. कमी धुळीच्या गाडीला ते पुरतात. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ते वापरू नयेत, तेथे चरे पडण्याचा धोका आहेच. साबणाचे पाणी दुसऱ्याच्या गाडीखाली वाहत जाणार नाही आणि जाताना जागा कोरडी राहील, एवढे पाहावे.

आता सर्वांत नाजूक भाग. मोटार म्हणजे कुलूपबंद खोली असते. तिच्यात शेठचे कागद, बाईंची पर्स, मुलांची खेळणी, कधी रोख रक्कमही असते. किल्ली हाती देणारा मनुष्य आपणावर घराइतकाच विश्वास टाकीत असतो. म्हणून काही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. काम सुरू करण्यापूर्वी मालकासमोर गाडीभोवती एक फेरी मारावी आणि आधीचे ओरखडे, पोचे दाखवून त्यांची छायाचित्रे घ्यावीत. आत सापडलेली वस्तू, मग ती एक रुपयाचे नाणे का असेना, पिशवीत घालून परत द्यावी. गाडी हलवावयाची झाल्यास मालकानेच हलवावी. परवाना असला तरी आपण चालवू नये, कारण खांबाला घासली तर वर्षभराची कमाई त्यात जाईल. आपल्या हातून काही मोडले तर मालकाला दिसण्याआधी आपण सांगावे. एका इमारतीत एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला ‘मुलगा सांगून टाकतो’ एवढे म्हटले, तर तेवढी जाहिरात पुष्कळ झाली.

ऋतूचाही विचार आधी करावा. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक म्हणते, ‘आज धुऊन उद्या पाऊस.’ त्या महिन्यांत बाहेरचे काम घटते, पण आतील ओल, बुरशी आणि वास यांचे काम वाढते. व्हॅक्युम पावसाळ्यापूर्वी घ्यावा तो यासाठी. नवरात्रापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मात्र दिवस अपुरे पडतात. त्या महिन्याची जादा कमाई पावसाळ्यासाठी राखून ठेवणारा टिकतो. उतरंडीत एक मडके पावसाळ्याचे म्हणून वेगळे ठेवण्याची आपल्या आज्या-पणज्यांची रीत होती, तीच येथे कामास येते.

राहिला प्रश्न प्रतिष्ठेचा. आम्हांस ठाऊक आहे की नवागामच्या घरात हा धंदा काढण्याची गोष्ट निघाली की वडील प्रथम गप्प बसतात. ‘पोटाला चिमटा घेऊन शिकविले, ते दुसऱ्याच्या गाड्या धुवायला?’ हा प्रश्न त्यांच्या मनात असतो, आणि सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांना काय सांगावयाचे ही चिंता आईच्या मनात असते. या भावनेचा उपहास करणे योग्य नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या यंत्रावर काम केले, त्यांना मुलगा कोणाच्या दारी बादली घेऊन उभा राहील हे चित्र बोचणारच. पण दोन गोष्टी त्यांनी पाहाव्यात. वऱ्हाडातील शेणगावी जन्मलेल्या आणि १९५६ साली निवर्तलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हाती खराटा धरला आणि उभा महाराष्ट्र त्यांच्या पायांशी वाकला. साफ करणाऱ्याला हलके लेखण्याचा अधिकार त्यानंतर मराठी माणसाला उरलेला नाही. दुसरी गोष्ट अशी की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात जे दुकान थाटले ते सायकलींचे होते. लोकांच्या सायकली विकणे, त्या दुरुस्त करणे, त्या चालविण्यास शिकविणे, येथून ते लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीपर्यंत पोहोचले. सर्वांना तेथपर्यंत पोहोचता येईल असे आम्ही म्हणत नाही. आरंभीचे काम लहान असले म्हणून माणूस लहान ठरत नाही, एवढेच सुचवितो.

ही प्रतिष्ठा आपल्या वागण्यातही असावी. दर ठरवून सांगावा आणि त्याची पावती द्यावी. फुकट ‘जरा पुसून टाक’ ला हसतमुखाने नकार द्यावा. उद्या कामाला दुसरा मुलगा ठेवला तर त्याला ठरल्या तारखेला पगार द्यावा. पहाटे तळघरात गाड्या पुसणाऱ्या माणसाची भाकरी हिसकावून घेऊ नये. त्याला दोन बादल्यांची रीत शिकवून आपल्याबरोबर घेता आले तर अधिक चांगले. इमारतीतील सर्व मालकांना तो आपल्यापेक्षा अधिक ओळखतो. स्वतःच्या शरीराचीही निगा ठेवावी. चाके साफ करण्याची काही द्रावणे तीव्र असतात, तेथे रबरी हातमोजे घालावेत. भरल्या बादल्या वाकून न उचलता गुडघे दुमडून उचलाव्यात. पाठ गेली तर हा धंदा संपला.

अखेरीस आमची सूचना एवढीच. ज्यांच्या घरी हा विचार चालू असेल त्यांनी मुलाला तीन महिन्यांची मुदत द्यावी. नोकरी अथवा शिक्षण चालू ठेवून, साडेनऊ हजारांच्या आत, पहिल्या दहा गाड्या त्याने स्वतः मिळवून दाखवाव्यात. ओळखीच्या काकांची गाडी त्यात मोजू नये. तीन महिन्यांनंतर वही उघडावी. किती गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा बोलाविले, हा एकच आकडा पाहावा. दहापैकी सात-आठांनी बोलाविले असेल तर वडिलांनी मनातील अढी सोडून त्याच्या पाठीशी उभे राहावे. दोघा-तिघांनीच बोलाविले असेल तर मुलाने बादल्या घरच्या कामाला द्याव्यात आणि दुसरा मार्ग शोधावा. त्यात गेले ते फार तर नऊ-साडेनऊ हजार, आणि आला तो हिशेब मांडण्याचा सराव. नवागामसाठी मांडलेला हा हिशेब इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांनी आपापल्या शहराच्या भावाने पुन्हा मांडून पाहावा. आकडे बदलतील. आधी गिऱ्हाईक आणि मग यंत्र, हा क्रम मात्र बदलू नये.